खिशात रोज राहील असा टॉर्च: काय बघून घ्यावा?

सांजवारा
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं मोबाईलच्या दिव्यावर भागवलं, पण आता खिशात कायम राहील असा वेगळा टॉर्च घ्यायचा ठरवलंय. मागच्या महिन्यात रात्री गाडीचं चाक बदलत होतो. दोन्ही हात कामात, म्हणून मोबाईल हनुवटीखाली धरला. तो सटकला, काच फुटली आणि उरलेले दोन नट चाचपडत आवळले.
माझा वापर साधा आहे. दिवे गेले की जिना उतरणं, रात्री कुत्र्याला फिरवणं, टेबलामागच्या वायरी शोधणं, घरातले सगळे झोपलेले असताना उठणं. रानावनात जाणं होत नाही. पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर मावला पाहिजे, एवढीच अट.
दोन दिवस जाहिराती वाचतोय. बोटाएवढ्या टॉर्चवर कुणी ३००० ल्युमेन लिहितं, कुणी १०,०००. या आकड्यांचं करायचं काय? आणि त्याशिवाय काय बघू?

रानवाट
रुमाल टाकून ठेवते. मलाही हेच विचारायचं होतं.

खटपट्या
सांजवारा, चांगला विषय काढलात. आधी एक शब्दांचा घोळ मिटवू. आपण टॉर्चलाही बॅटरी म्हणतो आणि आत घालतो त्यालाही. या धाग्यावर हातात धरतो तो टॉर्च आणि आत जातो तो सेल, असं ठरवूया.
आता आकडे. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो किती लांब पोचतो हे ल्युमेनवरून कळत नाही, त्यासाठी कँडेला बघावा लागतो: झोताच्या मध्यावर उजेड किती एकवटलाय त्याचं माप. खोक्यावर मीटरमध्ये जो पल्ला छापतात तो यावरूनच काढलेला असतो. कँडेलाचं वर्गमूळ घ्या आणि दुप्पट करा. २५०० कँडेला असेल तर पल्ला १०० मीटर. २०० मीटर हवे असतील तर १०,००० कँडेला, म्हणजे चौपट. आणि त्या १०० मीटरवर उजेड किती पडतो? पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तिथे कुणीतरी उभं आहे एवढं कळेल, कोण ते कळणार नाही. त्यामुळे छापलेल्या पल्ल्याच्या जेमतेम निम्म्यावर नीट दिसेल असं मी धरून चालतो.
ही मोजण्याची पद्धत एएनएसआय एफएल १ या टॉर्चसाठीच्या अमेरिकी मानकाने २००९ मध्ये घालून दिली. त्यात ल्युमेन टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी मोजतात, आणि उजेड त्या आकड्याच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ म्हणजे रनटाइम. फसगत होते ती इथे. समजा टॉर्च १००० ल्युमेनवर सुरू झाला, दोन मिनिटांत २०० वर आला आणि पुढे दोन तास २०० वरच राहिला. खोक्यावर '१००० ल्युमेन, २ तास २ मिनिटं' असं छापता येतं, आणि मानकाप्रमाणे ते खोटंही ठरत नाही. म्हणून नुसता आकडा वाचू नका, वेळेबरोबर उजेड कसा उतरतो त्याचा आलेख मिळतो का बघा. चांगले उत्पादक तो देतात, आणि स्वतंत्र परीक्षण करणारे लोक तर आवर्जून देतात.
उजेड उतरतो तो उष्णतेमुळे. चांगल्या एलईडीला १०० ल्युमेनसाठी साधारण १ वॉट लागतो असं धरा. १००० ल्युमेन म्हणजे १० वॉट, आणि त्यातला बराचसा भाग उष्णता होऊन अंगठ्याएवढ्या धातूत साठतो. हात भाजू नये म्हणून सर्किट स्वतःच उजेड कमी करतं. एवढा लहान टॉर्च न थांबता दोन-अडीचशे ल्युमेनच्या आसपासच देऊ शकतो. त्यापुढचे सगळे आकडे मिनिटा-दोन मिनिटांचे पाहुणे. १०,००० लिहिलेल्या बोटभर टॉर्चकडे ढुंकूनही बघू नका.
अजून एक. डोळ्याला दुप्पट ल्युमेन दुप्पट वाटत नाहीत. उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण चौपट ल्युमेन लागतात. ८०० आणि १००० मधला फरक शेजारी शेजारी लावून बघितला तरी कळणं कठीण, आणि आपण पैसे मात्र त्या फरकाचे मोजत असतो.

साधासरळ
माहिती उत्तम आहे, पण मुळात गरज आहे का असं मला प्रामाणिकपणे वाटतं. वापर वर्षातून आठ-दहा वेळा. मोबाईल कायम जवळ असतो, त्याचा दिवा जिन्याला पुरतो. आणखी एक वस्तू सांभाळा, चार्ज करा, हरवा.

सांजवारा
साधासरळ, मीही अगदी हेच म्हणायचो. पण मोबाईलचा झोत पसरट असतो, दहा पावलांपुढे काही दिसत नाही. ओल्या हाताने तो लावता येत नाही, तोंडात धरता येत नाही, आणि दिवे गेलेले असताना त्याचा चार्ज फोन करायला राखून ठेवावासा वाटतो. ज्या रात्री उजेड सगळ्यात जास्त लागतो त्याच रात्री मोबाईलही सगळ्यात जास्त लागतो.

तारकासखा
सगळे जास्तीत जास्त उजेडाबद्दल बोलताहेत. मी कमीत कमी उजेडाबद्दल बोलतो, कारण रोजच्या टॉर्चमध्ये मला तोच महत्त्वाचा वाटतो.
मी रात्री दुर्बीण लावतो. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका भगभगीत झोताने ती सगळी मेहनत वाया जाते. म्हणून मी १ ल्युमेनच्याही खालचा मोड असलेला टॉर्च वापरतो. बहुतेक ठिकाणी त्याला मूनलाइट म्हणतात. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण काळोखाला सरावलेल्या डोळ्याला अर्धा ल्युमेन नकाशा वाचायला पुरतो. लाल दिवाही चालतो, मात्र तोही मंदच हवा. प्रखर लाल दिव्यानेही डोळे बिघडतातच.
सांजवारा, तुमच्या यादीतलं 'घरातले झोपलेले असताना उठणं' परत वाचा. त्यासाठी तुम्हाला ३०० ल्युमेन नकोत. पायाखालची फरशी दिसेल आणि शेजारच्याची झोप मोडणार नाही, इतकाच उजेड हवा. आणि तो थेट मिळायला हवा. काही टॉर्च आधी पूर्ण उजेडाने लागतात, मग दाबत दाबत खाली यावं लागतं. खालचा मोड कितीही सुंदर असला तरी डोळे दिपवून मग तिथे पोचायचं असेल तर तो नसल्यात जमा. बंद टॉर्चचं बटण दाबून धरलं की तो सगळ्यात मंद मोडमध्येच लागतो, अशी रचना बऱ्याच टॉर्चमध्ये असते. तीच घ्या. माझ्या टॉर्चच्या वापरातला निम्म्याहून जास्त वेळ या एका मोडमध्ये जातो, आणि त्या मोडमध्ये एक सेल कित्येक दिवस पुरतो.

रानवाट
तारकासखा, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी जास्त उजेड म्हणजे जास्त चांगला असंच धरून बसले होते.

रातराणी
मी रुग्णालयात परिचारिका आहे, रात्रपाळीच जास्त असते. टॉर्च माझ्या कामाचं हत्यार आहे, म्हणून उजेडाच्या रंगाबद्दल लिहिते.
पूर्वी माझ्याकडे निळसर पांढरा टॉर्च होता. त्यात रुग्णाचा चेहरा फिकट दिसायचा, ओठ निळे पडलेत की टॉर्चमुळे तसे वाटताहेत हे कळायचं नाही. एकदा सुईच्या जागेभोवतीची लाली मला त्या उजेडात दिसलीच नाही. खोलीतला दिवा लावल्यावर दिसली. ते माझ्या फार मनाला लागलं. त्यानंतर मी याबद्दल वाचलं.
खोक्यावर सीआरआय असा आकडा असतो. वस्तूचे रंग किती खरे दिसतील त्याचं ते माप, सूर्यप्रकाशाला १०० धरतात. साध्या टॉर्चच्या एलईडीचा तो ७० च्या आसपास असतो. ९० च्या वरचा मिळतो, तो घ्या. त्याबरोबर आर९ नावाचा वेगळा आकडा कुणी देत असेल तर तोही बघा, तो गडद लाल रंगाचा आहे. त्वचा, रक्त, जखम या सगळ्यासाठी लाल नीट दिसणं फार गरजेचं असतं. दुसरा आकडा केल्विनमध्ये असतो. ६५०० म्हणजे निळसर, ५००० जवळपास दुपारच्या उन्हासारखा, ४००० किंचित उबदार, २७०० जुन्या पिवळ्या बल्बसारखा. रात्री मला ४००० बरा वाटतो.
आणि एक कळकळीची विनंती. घरात कुणाच्या डोळ्यांच्या बाहुल्या तपासायची हौस म्हणून असा प्रखर टॉर्च डोळ्यांत मारू नका. लहान मुलांच्या हातात तर देऊच नका. आमच्या कामात त्यासाठी मंद पेनलाइट असतो.

खटपट्या
रातराणीताईंच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. वायरिंगचं काम करतानाही हाच अनुभव येतो. तपकिरी आणि लाल वायर निळसर उजेडात सारख्या दिसतात.
असं का होतं तेही सांगतो. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा (निळा उजेड शोषून पिवळसर उजेड देणाऱ्या पदार्थाचा) लेप दिला की दोन्ही मिळून पांढरा भासतो. लेपात लाल कमी असेल तर लाल वस्तू मळकट दिसते. तो लेप सुधारला की सीआरआय वाढतो, पण त्याच विजेत ल्युमेन थोडे कमी मिळतात. म्हणूनच मोठे आकडे विकणारे कमी सीआरआयचा एलईडी वापरतात. निचिया ५१९ए किंवा सॅमसंग एलएच३५१डी ही एलईडींची नावं दिसली तर त्यांच्या ९० च्या वरच्या सीआरआयच्या आवृत्त्या मिळतात, फक्त तीच आवृत्ती आहे ना याची खात्री करा.
(अवांतर: हा निळा एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या खिशातला उजेड त्यांच्यामुळे आहे, हे आठवलं की मला दरवेळी बरं वाटतं.)

कंदील
माझी सत्तरी उलटली आहे. टॉर्च लहानपणापासून वापरतोय, म्हणून सेलबद्दल माझं मत मांडतो. साधा पेन्सिल सेल, म्हणजे डबल-ए घेणारा टॉर्च घ्या. हे १८६५०, १४५०० वगैरे खास सेल ऐन वेळी कुठे मिळणार? डबल-ए जगात कुठेही मिळतो.

खटपट्या
कंदीलकाका, मुद्दा रास्त आहे, पण त्याची दुसरी बाजूही बघूया. हे रिचार्ज होणारे लिथियम-आयन सेल, आणि या आकड्यांत काही गूढ नाही. १८६५० म्हणजे १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबी. १४५०० म्हणजे १४ मिमी आणि ५० मिमी, म्हणजे आकाराने तो तुमचा डबल-एच. २१७०० म्हणजे २१ आणि ७०.
ऊर्जेचा हिशोब करू. रिचार्ज होणारा २००० एमएएचचा डबल-ए निकेल सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे २.४ वॉट-तास. १४५०० साधारण ३ ते साडेतीन. ३५०० एमएएचचा १८६५० सरासरी ३.६ व्होल्टचा, त्यामुळे तो मात्र साडेबारा. १०० ल्युमेनवर डबल-ए दोन तासांच्या आसपास चालेल, तर १८६५० दहा तासांच्या. फरक पाचपट आहे. पण १८६५० चा टॉर्च खिशात जाणवतो. उदाहरणार्थ कॉन्व्हॉय एस२+ हा टॉर्च बघा, त्या आकारात तो सडपातळच म्हणायचा, तरी पँटच्या पुढच्या खिशात ठेवून बसलं की मांडीला टोचतो. जॅकेटला किंवा पिशवीला तोच आदर्श.
आणि १८६५० वर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो सेल हातातही घेऊ नका. त्या आकारात ३५०० च्या फार वर कुणी गेलेलं नाही.

कंदील
हिशोब पटला. पण माझी खरी काळजी वेगळी आहे. माझ्या मुलाने १४५०० आणून ड्रॉवरमध्ये पेन्सिल सेलांबरोबर ठेवला. मी तो भिंतीवरच्या घड्याळात घातला. घड्याळ कायमचं बंद पडलं. आकार तोच, रंगही जवळपास तोच. माझ्यासारख्याने कसं ओळखायचं?

खटपट्या
काका, यात तुमची काहीच चूक नाही, हा त्या आकाराचा खराखुरा धोका आहे. पूर्ण चार्ज झालेला १४५०० ४.२ व्होल्ट देतो आणि घड्याळाची अपेक्षा दीड व्होल्टची. तसंच, फक्त डबल-एसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये १४५०० घातला तरी सर्किट जळू शकतं. घरात १४५०० असेल तर त्यावर लाल पट्टी चिकटवा आणि वेगळ्या डबीत ठेवा. मी तर सुटा कधीच ठेवत नाही. किल्ल्यांना लागून शॉर्ट झाला तर पेट घेऊ शकतो.
तुमच्या डबल-एच्या बाजूनेही एक सांगतो. अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये महिनोन्महिने ठेवू नका, तो गळतो आणि त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड धातू खातं. कपाटातला टॉर्च ऐन वेळी लागत नाही, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. रोजच्याला एनेलूपसारखे, आपोआप फार कमी डिस्चार्ज होणारे निकेल सेल घ्या, वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज टिकवतात. आणीबाणीसाठी ठेवायचा असेल तर दीड व्होल्टचा, रिचार्ज न होणारा लिथियम डबल-ए. तो वजनाला हलका असतो, कडाक्याच्या थंडीतही चालतो आणि गळण्याची शक्यता फार कमी.

सांजवारा
डोकं भरलं, पण चित्र स्पष्ट होतंय. बटणाबद्दल कुणी सांगेल का? शेपटीला हवं की बाजूला?

तारकासखा
हातात धरून बघितल्याशिवाय ठरवू नका असं सांगेन. शेपटीचं बटण अंधारात शोधावं लागत नाही, टॉर्च मुठीत आला की अंगठा आपसूक तिथेच असतो. ते यांत्रिक असेल तर बंद केल्यावर सेलमधून काहीही वीज जात नाही. बाजूच्या इलेक्ट्रॉनिक बटणाला किंचित वीज सतत लागते, पण दाबून धरलं की थेट मंद मोड ही सोय बहुधा त्यातच असते. ते शरीराच्या पातळीपेक्षा थोडं खोल किंवा खडबडीत असावं, म्हणजे बोटाला सापडतं.
खिशात आपोआप लागणं हा मात्र गंभीर प्रश्न आहे. माझा एकदा काळ्या पिशवीत पूर्ण उजेडाने लागला. पिशवीचं अस्तर वितळलं. तेव्हापासून शेपटीचं झाकण पाव आटा सैल करून ठेवतो, म्हणजे विजेचा रस्ता तुटतो. हे प्रत्येक टॉर्चमध्ये होत नाही, आट्यांवर अ‍ॅनोडाइझचा, म्हणजे वीज जाऊ न देणारा थर असेल तरच होतं. घेतल्या घेतल्या तपासा.

रातराणी
क्लिप घट्ट हवी, आणि टोपीला उलटी लावता येईल अशी दोन्ही बाजूंची असेल तर फारच उत्तम. दोन्ही हात मोकळे राहतात. शेपटीला लोहचुंबक असेल तर कुणाच्याही छातीच्या खिशात ठेवू नका, पेसमेकर असलेल्या माणसाच्या तर जवळही नेऊ नका. आमच्याकडे हे बजावून सांगावं लागतं.

रानवाट
चार्जिंगचं काय? मला टॉर्चमध्येच यूएसबी-सी असलेला हवाय.

खटपट्या
घ्या, पण दोन गोष्टी तपासा. काही टॉर्च दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, कारण पोर्टमध्ये लागणारे दोन छोटे रेझिस्टर बनवणाऱ्याने वाचवलेले असतात. आणि सेल बाहेर काढून बदलता यायला हवा. सेल दोन-चार वर्षांत थकतो, टॉर्च त्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. आत बंद केलेल्या सेलचा टॉर्च सेलबरोबरच संपतो.
पाण्यापासून बचावासाठी आयपीएक्स७ किंवा ८ हा दर्जा बघा. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. पुढून मागे सरकवून झोत बदलणारे टॉर्च बहुधा इथेच मार खातात, सरकत्या भागातून पाणी आत जातं.

सांजवारा
मंडळी, घेतला. डबल-ए आणि १४५०० दोन्ही अधिकृतपणे चालणारा, बाजूचं बटण, सीआरआय ९० च्या वर, दाबून धरलं की मंद मोड. स्किलहंट एम१५० आणि सोफर्न एसपी१० प्रो या दोघांत अडकलो होतो. शेवटी पहिला घेतला, कारण दुसऱ्याच्या बटणाला असंख्य युक्त्या आहेत आणि हा टॉर्च घरात सगळ्यांनी वापरायचा आहे. त्यात निकेल सेल घातलाय. कंदीलकाका, तुमचं घड्याळ डोक्यात होतं, म्हणून १४५०० लाल पट्टी लावून वेगळ्या डबीत ठेवलाय.

कंदील
छान केलंत. वापरून लिहा.

सांजवारा
सहा आठवड्यांनी परत आलोय. तारकासखा, तुमचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. बहुतेक वेळ मंद मोडच लागतो. कुत्र्याबरोबर फिरताना मधला मोड, साधारण शंभरेक ल्युमेन. पूर्ण उजेड मी आजवर तीनदा वापरला असेन.
एक अडचण आहे. कालपासून तो मधेच फडफडतो. हलवला की जातो, परत येतो. बिघडला का?

खटपट्या
घाबरू नका, शंभरातल्या नव्वद वेळा हा मळ असतो. शेपटीचं झाकण काढा, आटे आणि नळीची उघडी कडा कोरड्या सुती कापडाने पुसा, मग थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने. वीज त्या कडेतूनच जाते. सेलची दोन्ही टोकंही पुसा. मग रबरी कडीला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. घरातलं कुठलंही तेल लावू नका, काही रबरं त्याने फुगतात.

सांजवारा
पुसलं. कापडावर चांगला काळा पट्टा उमटला. फडफड पूर्ण थांबली.

रानवाट
सांजवारा, एकच विचारते. तुमचा मंद मोड पुस्तक वाचायला पुरतो का? मुलगी शेजारी झोपलेली असते.

सांजवारा
पुरतो. टॉर्च पानावर रोखू नका, छताकडे किंवा भिंतीकडे तोंड करून उभा ठेवा, आणि सगळ्यात मंद मोडने भागलं नाही तर एक पायरी वर जा. काल रात्री मी तसाच वाचत होतो, बायकोला जाग आली नाही.